झाकण काढलेला पूल: लार्चच्या ग्लूलॅम तुळयांचे एक प्रकरण

या प्रकरणातील संस्था, माणसे आणि ठिकाण ओळखू येऊ नये म्हणून तो तपशील गाळला आहे आणि मोजमापे जवळच्या पूर्ण आकड्यांत दिली आहेत. घटनांचा क्रम आणि प्रत्येक टप्प्यावर घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे आहेत. त्यांतला एक चुकीचा निर्णय आमच्या, म्हणजे पाहणी आणि दुरुस्तीसाठी नंतर बोलावलेल्या गटाच्या, संमतीने झाला आणि तोही येथे नोंदवला आहे.

पार्श्वभूमी

एका संस्थेच्या विस्तीर्ण, झाडीच्या आवारातून ओढा वाहतो. त्यावर 14 मीटर गाळ्याचा आणि अडीच मीटर रुंदीचा पादचारी पूल बांधण्यात आला. दोन मुख्य तुळया, त्यांवर आडव्या फळ्यांचा पृष्ठभाग आणि दोन्ही बाजूंना कठडा, अशी साधी रचना होती. तुळया लार्च या सूचिपर्णी झाडाच्या लाकडापासून केलेल्या ग्लूलॅमच्या होत्या, म्हणजे वाळवून प्रतवारी केलेल्या फळ्या एकावर एक चिकटवून केलेल्या. प्रत्येक तुळई 200 मिमी रुंद आणि 840 मिमी उंच होती आणि तिच्यात 40 मिमी जाडीच्या 21 फळ्या होत्या.

फळ्या चिकटवून मोठी तुळई करण्याचे तंत्र नवे नाही. जर्मनीतील ओटो हेट्झर यांनी वक्र आकाराच्या अशा तुळयांचे पेटंट 1906 मध्येच घेतले होते. मात्र बराच काळ हे लाकूड मुख्यतः छताखाली वापरले गेले, कारण त्याचा सर्वाधिक प्रचलित कच्चा माल स्प्रूस आहे आणि उघड्यावर स्प्रूस फार टिकत नाही. बाहेरच्या कामासाठी म्हणून लार्च, डग्लस फर, पाइनचे मध्यकाष्ठ किंवा उत्तर अमेरिकेत पिवळा सीडार असे तुलनेने टिकाऊ सूचिपर्णी लाकूड निवडले जाते. या पुलासाठी लार्च निवडण्याचे कारण हेच होते आणि ती निवड चुकीची नव्हती.

मूळ अभियंत्याच्या नकाशांत तुळया उघड्या नव्हत्या. प्रत्येक तुळईच्या माथ्यावर हवेची फट सोडून बसवलेले पत्र्याचे आवरण होते, बाहेरच्या बाजूंना सहज बदलता येतील अशा पातळ फळ्यांचे आच्छादन होते आणि टोके काँक्रीटच्या भिंतीपासून चांगली लांब होती. पाऊस उभ्या रेषेपासून 30 अंशांपर्यंत तिरका येईल असे गृहीत धरून आच्छादनाची कड काढलेली होती. तुळयांवर थेट पाऊस पडणार नाही या आधारावर गणिते युरोकोड 5 (लाकडी बांधकामाचे युरोपीय मानक) मधील सेवा-वर्ग 2 धरून केली होती. लाकडाचा सरासरी ओलावा बहुतांश काळ 20 टक्क्यांच्या आत राहील, असा या वर्गाचा अर्थ आहे.

निर्णायक ठरलेली बैठक

तुळया कारखान्यातून येण्याच्या सुमारास संस्थेचे पदाधिकारी, वास्तुरचनाकार आणि ठेकेदार यांची बैठक झाली. तिचे इतिवृत्त आम्हाला नंतर वाचायला मिळाले. तुळयांचा रंग आणि थरांच्या रेषा सुंदर दिसत होत्या, तर आच्छादनाने पूल खोक्यासारखा दिसेल अशी तक्रार होती. कोणीतरी विचारले, "लार्च टिकाऊ आहे ना? मग झाकायचे कशाला?" या प्रश्नाला बैठकीत कोणीच उत्तर दिले नाही. बाजूच्या फळ्या आणि माथ्यावरचा पत्रा दोन्ही गाळायचे ठरले. मूळ अभियंत्याचे काम नकाशे देऊन संपले होते, त्यामुळे हा बदल त्याच्यापर्यंत पोचलाच नाही.

या प्रश्नाला उत्तर होते आणि ते फार अवघड नव्हते. युरोपीय मानक ईएन 350 लाकडाच्या बुरशीविरोधी टिकाऊपणाचे 1 ते 5 असे वर्ग करते. 1 म्हणजे अतिशय टिकाऊ आणि 5 म्हणजे अजिबात न टिकणारे. लार्च त्यात 3 ते 4 या वर्गात, म्हणजे मध्यम ते कमी टिकाऊ या टप्प्यात येतो. स्प्रूस वर्ग 4 मध्ये. दोघांतले अंतर बोलण्यात वाटते तेवढे मोठे नाही. शिवाय हा वर्ग केवळ मध्यकाष्ठाचा, म्हणजे खोडाच्या गाभ्याचा असतो. सालीलगतचे फिकट रसकाष्ठ कोणत्याही जातीचे असो, वर्ग 5 मध्येच धरले जाते. म्हणून "लार्च टिकाऊ आहे" हे विधान अर्धे आहे. लार्चच्या गाभ्याचे लाकूड, पाणी साचू न देता वापरले, तर स्प्रूसपेक्षा बरे टिकते, एवढेच म्हणता येते.

बैठकीतला निर्णय दिसण्याविषयीचा मानला गेला, पण प्रत्यक्षात तो बांधणीच्या ताकदीविषयीचा होता. आच्छादन गेल्याने तुळया सेवा-वर्ग 3 मध्ये, म्हणजे उघड्यावर भिजणाऱ्या लाकडाच्या वर्गात, गेल्या. पादचाऱ्यांच्या अल्पकालीन भारासाठी ग्लूलॅमच्या ताकदीला सेवा-वर्ग 2 मध्ये 0.90 चा गुणक लागतो, वर्ग 3 मध्ये 0.70 चा. म्हणजे तुळई तीच आणि भार तोच असूनही हिशेबात धरायची ताकद 22 टक्क्यांनी उतरली. भाराखाली हळूहळू वाढत जाणाऱ्या वाकाचा गुणक 0.8 वरून 2.0 वर गेला. सेवा-वर्ग 3 साठी फळीची जाडी 35 मिमीपेक्षा जास्त नसावी असे मानक सांगते, कारण जाड फळी ओली-सुकी होताना जास्त ताण निर्माण करते आणि जास्त फाटते. येथे फळ्या 40 मिमीच्या होत्या. झाकलेल्या तुळईसाठी त्या अगदी योग्य होत्या. चूक मागणीत नव्हती. मागणी ज्या गृहीतकावर केली होती तेच नंतर काढून घेतले गेले.

काय दिसले

पूल वापरात येऊन पाचव्या वर्षात देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला एका तुळईच्या टोकाशी काळसर डाग आणि मऊपणा जाणवला. त्याने खिशातली चावी दाबून पाहिली, ती आत गेली. त्याने त्याच दिवशी हे लेखी कळवले, आणि या सगळ्या प्रकरणात वेळेवर झालेली कृती म्हणावी तर ती हीच. त्यानंतर आम्हाला बोलावण्यात आले.

पाहणीत चार गोष्टी आढळल्या. पृष्ठभागाच्या फळ्या थेट तुळयांच्या माथ्यावर स्क्रूने आवळलेल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक फळीखाली पाणी धरून ठेवणारी जागा आणि प्रत्येक स्क्रूपाशी पाणी आत नेणारे भोक तयार झाले होते. तुळयांची टोके आणि काँक्रीटची भिंत यांत जेमतेम 15 मिमीची फट होती आणि ती पालापाचोळा व चिखलाने गच्च भरली होती. टोकांजवळ पोलादी पट्ट्यांच्या बोल्टांच्या ओळीत लांब भेगा पडल्या होत्या. चौथी गोष्ट बाहेरच्या कडांशी दिसली: काही फळ्यांवर फिकट रंगाचा पट्टा होता, म्हणजे रसकाष्ठ. ताकदीच्या प्रतवारीत रसकाष्ठाला मनाई नाही, कारण ताकदीच्या दृष्टीने त्यात काही उणे नसते. खरेदीच्या कागदात "लार्च, वर्ग 3" एवढेच लिहिले होते आणि रसकाष्ठ नको असे कोठेही म्हटलेले नव्हते, त्यामुळे पुरवठादाराला दोष देण्यास जागा नव्हती.

ओलावा मोजण्यासाठी टोकाखेरीज बाकी दांड्यावर रोधक लेप असलेल्या लांब खिळ्यांचे मीटर वापरले, कारण साध्या मीटरने फक्त वरच्या काही मिलिमीटरांचे चित्र मिळते. 40 मिमी खोलीवर मधल्या भागात बाजूने 19 ते 20 टक्के, माथ्याजवळ 23 टक्के आणि खराब टोकाशी 27 ते 31 टक्के ओलावा होता. लाकडाच्या पेशींच्या भिंती साधारण 28 ते 30 टक्क्यांना पाण्याने पूर्ण भरतात. त्याच्या आसपास ओलावा बराच काळ राहिला की बुरशीला हवे ते सगळे मिळते. 20 टक्क्यांच्या खाली ठेवण्याचा आग्रह धरतात तो हे अंतर हाती राहावे म्हणून.

बारीक सुईसारख्या ड्रिलने लाकडाचा विरोध मोजत गेल्यावर कुजीची हद्द कळली. चार टोकांपैकी एकाच टोकाला, सर्वांत खालच्या दोन फळ्यांमध्ये, टोकापासून सुमारे 260 मिमी लांब आणि बाहेरच्या बाजूने 70 मिमी आतपर्यंत लाकूड गेले होते. लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत तडकत होते. ही तपकिरी कुज सूचिपर्णी लाकडात नेहमी आढळते आणि तिचा धोका असा की वजन फारसे घटण्याआधीच ताकद झपाट्याने उतरते, त्यामुळे डोळ्यांना ठीक दिसणारा लगतचा भागही भरवशाचा राहत नाही. टोकांवरच हे व्हावे यात नवल नाही. झाडात पाणी उभे वाहत असते त्या नलिका टोकाशी उघड्या असतात आणि तेथून पाणी बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने आत शिरते.

निदानातला पहिला पेच: चिकटद्रव्य सुटले की लाकूड फाटले?

बोल्टांच्या ओळीतल्या भेगा पाहून संस्थेच्या एका सल्लागाराने "थर सुटले" असा निष्कर्ष काढला होता. ते खरे असते तर दोन्ही तुळया बदलाव्याच लागल्या असत्या, कारण चिकटलेले थर सुटले की 840 मिमीची तुळई ही सुट्या पातळ फळ्यांची चवड होते.

चिकटवणीची रेषा गडद तपकिरी होती, म्हणजे फिनॉल-रिसॉर्सिनॉल प्रकारचे चिकटद्रव्य. कागदपत्रांतही ईएन 301 या चिकटद्रव्यांच्या युरोपीय मानकातील प्रकार 1, म्हणजे पूर्ण उघड्या वापरास चालणारे, अशी नोंद होती. तरीही कागदावर न विसंबता भेगांचे तोंड रुंद करून आतले पृष्ठ पाहिले. दोन्ही बाजूंना लाकडाचे तंतू तुटलेले दिसले आणि बऱ्याच ठिकाणी भेग रेषेपासून काही मिलिमीटर दूर, लाकडाच्या अंगातच होती. चिकटद्रव्य सुटले असते तर गुळगुळीत, तंतूविरहित चकाकता थर दिसला असता. तो फक्त एका ठिकाणी, 60 मिमी लांबीत दिसला.

मग भेगा कशाने पडल्या, हे गणिताने सांगितले. ओलाव्यात 1 टक्क्याचा फरक पडला की लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने सुमारे पाव टक्का आकसते किंवा फुगते. उन्हाळा-पावसाळ्यात 8 टक्क्यांचा फरक धरला तर 840 मिमी उंचीत हा बदल 16 ते 17 मिमी होतो. पोलादी पट्टीतले सर्वांत वरचे आणि खालचे बोल्ट 600 मिमी अंतरावर, घट्ट भोकांत आवळलेले होते. त्यांच्यामधले लाकूड 12 मिमी आकसायला पाहत होते आणि पोलाद त्याला जाऊ देत नव्हते. लाकूड फाटले. सर्वांत खोल भेग 28 मिमी भरली. रुंदीच्या एक षष्ठांशापर्यंतच्या भेगा सहसा स्वीकारल्या जातात, येथे ती मर्यादा 33 मिमी. हा निष्कर्ष लागताच तुळया बदलण्याचे एक मोठे कारण संपले.

विचारात घेतलेले पर्याय

संस्थेने स्वतःहून मांडलेला पहिला पर्याय रंगाचा होता. चांगला जलरोधक रंग द्यावा, दर दोन वर्षांनी पुन्हा द्यावा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा उपाय होता. पाणी शिरत होते ते टोकांतून, स्क्रूच्या भोकांतून आणि भेगांतून. बाजूच्या पृष्ठभागावरून आत जाणारे पाणी त्यामानाने थोडे होते. शिवाय जाड पापुद्रा धरणारा रंग हलत्या भेगेवर फाटतोच, आणि मग आत गेलेले पाणी बाहेर पडायला तोच रंग आडवा येतो. आम्ही हा पर्याय पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय तुळया बदलून रासायनिक प्रक्रिया केलेल्या पाइनच्या बसवण्याचा होता. तो तांत्रिकदृष्ट्या भक्कम होता. पाइनचे रसकाष्ठ औषध चांगले शोषते, म्हणून फळ्यांवर आधी प्रक्रिया करून मग त्या चिकटवतात. लार्चच्या गाभ्यात किंवा स्प्रूसमध्ये औषध नीट शिरत नाही, त्यामुळे असलेल्या तुळयांनाच प्रक्रिया करून घेऊ ही सूचना निकालात निघाली. तिसरा पर्याय अॅसिटिलीकरण केलेल्या, म्हणजे रासायनिक क्रियेने पाणी कमी शोषेल असे केलेल्या, पाइनचा. नेदरलँड्समधील स्नेक येथे अशाच लाकडाच्या ग्लूलॅमचे जड वाहतुकीचे दोन पूल उभे आहेत, त्यांतला पहिला 2008 मधला. या लाकडाचा टिकाऊपणा वर्ग 1 मानला जातो आणि ते फारसे फुगत-आकसत नाही. पण चारपैकी तीन टोके धड असताना दोन्ही तुळया टाकून देणे आम्हाला पटले नाही, आणि सध्याच्या जोडण्या तशाच राहिल्या तर पालापाचोळ्याने भरलेली फट याही पुलाला मिळालीच असती.

चौथा पर्याय लाकूड सोडून पोलाद वापरण्याचा होता. त्याचा आग्रह धरणाऱ्या पदाधिकाऱ्याने नॉर्वेतील ट्रेटन येथील ग्लूलॅम पूल ऑगस्ट 2022 मध्ये कोसळल्याचा दाखला दिला. दाखला खरा होता, पण येथे गैरलागू. तो पूल कुजून पडला नव्हता, तर ट्रसच्या जाळीतल्या तिरप्या दांड्यांच्या जोडण्यांची ताकद कमी पडली होती. त्यातून घ्यायचे असेल तर जोडण्यांविषयी घ्यावे, आणि आमच्या पुलात तपासायची गोष्टही जोडण्या हीच होती.

पाचवा पर्याय दुरुस्तीचा: कुजलेला भाग काढणे, टेकू आणि जोडण्या बदलणे आणि मूळ नकाशातले आच्छादन, सुधारून का होईना, परत आणणे. त्याआधी ताकद पुन्हा तपासली. सेवा-वर्ग 2 मध्ये वाकण्याचा ताण मर्यादेच्या 72 टक्के होता, तो वर्ग 3 धरल्यावर 93 टक्के झाला. तुळईची उंची मुळात ताकदीपेक्षा वाकाच्या मर्यादेवरून ठरली होती म्हणूनच हा पूल वाचला. ताकदीवर काटेकोर काढलेली तुळई असती तर बैठकीतल्या त्या निर्णयाच्या दिवशीच ती कागदावर नापास झाली असती. खराब टोकाशी टेकूच्या क्षेत्रफळातला जवळपास 30 टक्के भाग गेला होता. उरलेले क्षेत्र हिशेबात तग धरत होते, पण भार एका बाजूला सरकला होता आणि कुज थांबलेली नव्हती.

आमची चूक

पाचवा पर्याय मान्य झाला तेव्हा पावसाळा तोंडावर होता आणि पोलादी भाग तयार व्हायला वेळ लागणार होता. तोवर खराब टोकाखाली तात्पुरता टेकू दिला, पुलावर एका वेळी जाणाऱ्यांची संख्या मर्यादित केली. हे योग्यच झाले. त्याबरोबर संस्थेच्या देखभाल विभागाने विचारले की तुळयांचा माथा आणि बाजू जाड प्लास्टिकच्या कागदाने घट्ट गुंडाळू का. आम्ही फोनवरच "चालेल, पाऊस तरी लागणार नाही" असे सांगितले.

तीन महिन्यांनी कागद काढला तेव्हा माथ्याजवळचा ओलावा 23 वरून 26 टक्क्यांवर गेलेला होता आणि कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते. तुळईत आधीच असलेले पाणी दिवसा उन्हाने वाफ होऊन वर येत होते आणि रात्री कागदाखाली थेंबांच्या रूपात साचत होते. पृष्ठभागाच्या स्क्रूंच्या भोकांतून थोडे नवे पाणीही जात होते आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. मूळ नकाशातला पत्रा आणि आमचा कागद यांत फरक होता तो फक्त मधल्या हवेच्या फटीचा. ज्या गोष्टीसाठी आम्ही इतरांना दोष देत होतो तीच, वेगळ्या रूपात, आम्ही केली. तात्पुरते झाकायचेच होते तर दोन हात उंचीवर, खालून वारा खेळेल असे ताडपत्रीचे छप्पर पुरेसे होते.

केलेले काम

पृष्ठभागाच्या सगळ्या फळ्या काढल्या. खराब टोक, विरोधाच्या मापात लाकूड पूर्ण धड ठरले त्याच्याही पुढे जाऊन, 450 मिमी कापून टाकले. टेकू भिंतीच्या पुढे काढलेल्या नव्या पोलादी कंसावर आणला, त्यामुळे त्या तुळईचा गाळा सुमारे 400 मिमीने कमी झाला. कंसामुळे काँक्रीटवर येणारा जादा वाकवणारा भार वेगळा तपासून घेतला. नवे लाकूड जोडून टोक पुन्हा लांब करावे असा विचार होता, पण नवा सांधा म्हणजे पाण्याला नवी जागा, आणि तीही सर्वांत ओल्या ठिकाणी, म्हणून तो सोडला.

इतर तिन्ही टोकांशी काँक्रीटची मागची भिंत छाटून 100 मिमीची मोकळी फट केली. हात घालून पाला काढता येईल, एवढे माप त्यामागे होते. टोकांच्या छेदांना लवचीक लेपाचे दोन हात दिले. तुळया जाड रबरी पट्ट्यांवर ठेवल्या, म्हणजे टेकूपाशी पाणी साचणार नाही. पोलादी पट्ट्यांत खालचा बोल्ट गोल भोकात ठेवला आणि वरच्यांची भोके उभी लांबट केली, जेणेकरून तुळई आकसली तरी पोलाद तिला अडवणार नाही. सगळे स्क्रू-बोल्ट स्टेनलेस पोलादाचे घेतले. लार्चमधली आम्लता आणि टॅनिन साध्या पोलादाला गंजवतात आणि लाकडावर निळसर काळे ओघळ आणतात. पाहणीतले काही डाग कुजीचे वाटले तरी प्रत्यक्षात या ओघळांचेच होते.

माथ्यावर 25 मिमी उंच पट्ट्यांवर पत्रा बसवला, दोन्ही बाजूंना 40 मिमी बाहेर काढून खाली वळवलेल्या ठिबक-कडेसह. पट्ट्या अखंड न ठेवता तुकड्यांत ठेवल्या, नाहीतर त्याच पाणी अडवतात. पृष्ठभागाचा भार पेलणाऱ्या आडव्या तुळया बाजूने कंसांना जोडल्या, त्यामुळे पत्र्याला एकही भोक पडले नाही. या तपशिलावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो गेला नसता तर बाकीचे काम वाया गेले असते. बाहेरच्या बाजूंना तिरप्या, एकमेकींवर आलेल्या लार्चच्या पातळ फळ्या 20 मिमी अंतरावर लावल्या. त्या कुजणारच आहेत असे धरून त्यांचे स्क्रू बाहेरून निघतील असे ठेवले. फळ्यांतल्या फटींमधून तुळयांचे थर तिरप्या प्रकाशात दिसतात, आणि वास्तुरचनाकाराने यावर हरकत घेतली नाही.

टोकांजवळ बोरॉनच्या कांड्या भोकांत घालण्याविषयी मतभेद झाला. बोरॉन ओल्या लाकडातच पसरते आणि पाणी वाहत राहिले तर धुऊनही जाते. कोरड्या लाकडात कांडी तशीच पडून राहते. आम्ही ती दोन टोकांत घातली, पण ओलावा पुन्हा वाढला तरच उपयोगी पडेल असा राखीव उपाय म्हणून.

निष्पत्ती

आठ ठिकाणी कायमचे खिळे बसवून ओलावा नोंदवत राहिलो. 200 मिमी जाड लाकूड घाईने सुकत नाही. पहिले चार महिने आकडे जवळजवळ हललेच नाहीत, आणि संस्थेतून "काम फसले का" अशी विचारणा दोनदा झाली. चौदा महिन्यांनी माथ्याजवळ 16 ते 17 टक्के आणि तीन टोकांशी 18 टक्क्यांच्या आसपास ओलावा स्थिरावला. भेगा वाढल्या नाहीत. कारखान्यात तुळयांना मध्यभागी वरच्या दिशेने दिलेला 40 मिमीचा उठाव पाच वर्षांत 20 मिमीपर्यंत उतरला होता. तो सेवा-वर्ग 3 मधल्या वाकाशी जुळणारा होता आणि दुरुस्तीनंतर त्यात मोजण्याजोगी भर पडलेली नाही.

काय वेगळे करता आले असते

सुरुवात खरेदीच्या कागदापासून करावी लागेल. "लार्च" या शब्दापुढे "बाहेर राहणाऱ्या बाजूंना रसकाष्ठ चालणार नाही" हे वाक्य असते, तर कुज बहुधा उशिरा आली असती. टळली मात्र नसती, कारण चिखलाने भरलेल्या फटीत मध्यकाष्ठही शेवटी हार मानते. या वाक्याने फळ्यांचा अपव्यय आणि खर्च वाढतो, हे मान्य करूनच ते लिहावे लागते. आणि तुळया पूर्ण झाकलेल्या असतील तर ते लिहिण्याची गरजही उरत नाही, म्हणून मूळ अभियंत्याने ते लिहिले नाही हे समजण्यासारखे आहे.

त्याच्याकडून राहिले ते वेगळे. आच्छादन हा ताकदीच्या गणिताचा भाग आहे असे नकाशावर कोठेही लिहिलेले नव्हते. पत्रा आणि फळ्या इतर सजावटीच्या बाबींसोबत एकाच यादीत होत्या. "हे काढल्यास सेवा-वर्ग बदलतो, गणिते रद्द समजावीत" एवढी एक ओळ त्या नकाशावर असती, तर बैठकीत विचारलेल्या प्रश्नाला समोरच्या कागदानेच उत्तर दिले असते. आता आम्ही लाकडी कामाच्या प्रत्येक नकाशावर सेवा-वर्ग आणि तो कोणत्या घटकांवर अवलंबून आहे हे मोठ्या अक्षरांत लिहितो.

पाहणीच्या बाबतीतही एक गोष्ट खटकते. पूल सोपवताना देखभालीची पुस्तिका दिली होती, पण तिच्यात दरवर्षी "पुलाची पाहणी करावी" एवढेच होते. कोठे हात घालायचा, काय टोचून पाहायचे, ओलाव्याचा कोणता आकडा आला तर कोणाला कळवायचे, यांतले काही नव्हते. चारही वर्षी पाहणीच्या नोंदीत "समाधानकारक" असा शेरा होता. पाहणी करणारा पुलावरून चालत गेला असावा. खाली उतरला नसावा. नव्या पुस्तिकेत चार टोकांच्या चार फटी, आठ खिळे आणि 20 टक्क्यांची मर्यादा एवढाच एका पानाचा मजकूर आहे, आणि पाला काढण्याची वेळ पानगळीनंतर व पावसाळ्याआधी अशी ठरवून दिली आहे.

एक प्रश्न अजून उघडा आहे. चौथ्या टोकाशी, जेथे ओढा वळून भिंतीला लागतो आणि दाट सावली आहे, तेथे ओलावा 20 ते 21 टक्क्यांच्या खाली उतरायला तयार नाही. बाजूच्या फळ्यांच्या खालच्या दोन ओळी तेथे कायमच्या काढून वारा वाढवावा की फटीवर तुषार अडवणारी छोटी पट्टी लावावी, यावर आमच्यातच एकमत नाही. येत्या कोरड्या ऋतूत प्रथम फळ्या काढून पाहायच्या, तीन महिने आकडे घ्यायचे आणि मगच पट्टीचा विचार करायचा, असे ठरले आहे.